युरिया ऊब खाता

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिली मीच, तीही रसायनशास्त्रात. हे सांगताना मी आवाज लहान करत नाही. पण पदवी झाली, बीएड झालं, तरी दोन वर्षं गावातच, हरमलात, पर्यटकांच्या खोल्यांच्या किल्ल्या सांभाळत बसले होते. त्यामुळे पेडण्याकडच्या एका हायस्कुलातून नमुना पाठासाठी बोलावणं आलं, तेव्हा ती नोकरी मला हवीच होती.

विषय त्यांनीच दिला होता: रासायनिक अभिक्रियांतले ऊर्जाबदल. वर्ग नववीचा, शिकवायचं इंग्रजीतून. आदल्या दिवशी जाऊन प्रयोगशाळा बघून आले. कळीचा चुना होता, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी अभिक्रिया जमणार होती. उष्णता शोषली जाते ते दाखवायला नवसागर हवा. त्याची बाटली होती, बाटलीत काही नव्हतं.

घरी येऊन ही रड आईजवळ लावली. ती मळ्यात होती. भात कापून झालं की त्याच जमिनीत आम्ही मिरची लावतो, आणि रोपांना द्यायचा युरिया आई बादलीत हातानं विरघळवते.

"हात घाल हेच्यात," ती म्हणाली.

घातला. विहिरीचं पाणी त्यापुढे कोमट म्हणायचं. लहानपणापासून ही बादली ढवळत आले होते, आणि कॉलेजात तीन वर्षं द्रावण-उष्णतेची गणितं सोडवली होती. दोन्ही एकच, हे एकदाही सुचलं नव्हतं.

"हेच्यात शिकवूक काय आसा गो?" आई म्हणाली. "युरिया पाण्याची ऊब खाता. जरा वेळ ठेवलंस की वाऱ्यातली ऊब परत पाण्यात येता. मगे घालूचा रोपांक."

डबाभर युरिया घेऊन गेले.

मागच्या बाकावर निवड करणारे तिघे बसले होते. चुना छान उकळला, पोरं खूश. मग बीकरमध्ये युरिया ढवळला. तापमापी अठ्ठावीसवरून पंधराच्या खाली गेली आणि बीकरला बाहेरून घाम फुटला. मी विचारलं, उष्णता कुठे गेली?

पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "टीचर, थंड जालें म्हणजे हीट भायर गेली."

सगळ्या वर्गानं मान हलवली. मागच्या बाकावरच्या तिघांपैकी एकानंसुद्धा हलवली.

मी पुस्तकातलं वाक्य इंग्रजीतून दोनदा सांगितलं. "बरें, टीचर," ती म्हणाली. पाहुण्याला वाटेला लावताना म्हणतात तसं.

मला नोकरी जाताना दिसत होती. तरी खडू खाली ठेवला आणि आमच्या भाषेत म्हटलं, "युरिया पाण्याची ऊब खाता."

पोरं हसली. हसू दिलं. मग सांगितलं, युरियाचे कण एकमेकांना धरून असतात. त्यांना सोडवायला ऊब लागते. पाण्याशी जुळताना थोडी परत मिळते, पण लागली तेवढी नाही. कमी पडली ती पाण्यातूनच घेतली.

ती मुलगी बीकरकडे बघत राहिली. "मगे आता बीकर हवेतली ऊब खातलो?"

"खातलो. तापमापी धरून बस."

पाठ संपल्यावर तिघांतले म्हातारे सर, निवृत्त विज्ञान शिक्षक, म्हणाले, "युरिया नुसता विरघळला. नवा पदार्थ कुठे झाला? ही अभिक्रिया नव्हे."

"नव्हे, सर. अभिक्रिया चुन्याची. पण सुटताना ऊर्जा लागते, जुळताना मिळते, हे दोन्हीकडे तेच. नवसागर असता तरी मी विरघळवूनच दाखवला असता."

"आणि ते ऊब खाण्याचं कुठल्या पुस्तकातलं?"

कॉलेजात कुणी विचारलं की मी आईला 'गृहिणी' म्हणून मोकळी व्हायचे. त्या दिवशी म्हटलं, "आमच्या आईचं, सर. हरमलात मिरची लावते ती."

 सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

आठ दिवसांनी पत्र आलं. आईला वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्यानं वाचलं. पत्र इंग्रजीत होतं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे घेतलानी तुका?"

"घेतलानी."

त्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात तिनं मळ्यातली तांबडी भाजी कमी विकली आणि ही बातमी जास्त वाटली. गिऱ्हाईक असो नसो, येईल त्याला. मी शेजारीच बसले होते. तिला एकदाही थांबवलं नाही.