गौरींपुढचं ताट

जायफळ किसलं की रेगेन्सबर्गमधल्या माझ्या पहिल्या गौरी आठवतात. सातवीत शाळा सुटलेल्या मला तिथे स्वतःच्या घरी स्वयंपाकाचं काम ताईंनीच दिलं होतं, म्हणून पुरण घालायच्या आधीच घाबरत सांगितलं, "ताई, माझी पाळी आलीय." त्या हसल्या, "अगं, जर्मनीत राहतो आपण! इथे कसला विटाळ? कर तू." मला खरं वाटेना. नैवेद्याच्या वेळी दारातून डोकावले, तर माझ्या पोळ्या पाहुण्यांसाठी, गौरींपुढे मात्र दुकानातलं श्रीखंड. ताई कुजबुजल्या, "मी नाही गं मानत, सासूबाईंना चालत नाही." सासूबाई तर पुण्यात, त्यांना सांगितलं कुणी? विचारायचं धाडस झालं नाही, कामाची गरज होती. ताईंचे उपकार आहेतच, पण हल्ली पाळी असली तरी मी बोलत नाही. पोळी गौरींपुढे ठेवण्याआधी ताई माझा चेहरा निरखतात आणि मी सरळ त्यांच्याकडे बघते.