समुद्र सरांचा ड्रम

चामोर्शीच्या आठवडी बाजारात प्लास्टिकच्या ड्रमात खांद्यापर्यंत डोकं घालून कोणी उभं दिसलं, की ते आमचे समुद्र सर हे लांबूनच कळायचं. सर भूगोल शिकवायचे. मी त्यांच्याच शाळेत मराठीचा मास्तर होतो आणि राहायला शेजारी. घरातल्या समोरच्या खोलीत त्यांनी खाऱ्या पाण्याची काचपेटी मांडली होती. तिच्यात नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे आणि एक लाल झिंगा. समुद्र बघायला जिथून रात्रभर आगगाडीत बसावं लागतं, तिथे हा उद्योग. गावाने नाव ठेवलं नसतं तरच नवल.

पेटीतलं थोडं पाणी दर आठवड्याला काढून नवं घालावं लागे. समुद्राचं मीठ नागपूरहून यायचं. ते फिल्टरच्या पाण्यात आदल्या दिवशी कालवायचं. पण कशात, हा सरांपुढचा सगळ्यात गंभीर प्रश्न. आमचा मुलूख धानाचा, त्यामुळे बाजारातले निम्मे ड्रम फवारणीच्या औषधाचे. दुकानदार गयावया करायचा, "सर, चांगला धुतला ना." सर डोकं बाहेर काढून म्हणायचे, "धुतला म्हंजे वास गेला गा. औषध नाई गेलं."

लोणच्याचा ड्रम त्यांना चालायचा नाही, तेलाचा तर नाहीच. रंगीत ड्रमालाही नकार. "पांढऱ्यातून उजेड येते, बुडाशी मीठ राह्यलं तर दिसते," असं त्यांचं म्हणणं. शेवटी मनासारखा रुंद तोंडाचा ड्रम मिळाला, तेव्हा त्यावर त्यांनी रंगाने 'फक्त मीठ-पाणी' असं लिहून टाकलं. वहिनी कुरकुरायच्या, "घरात मले पानी भराले ड्रम नाई, माशायले हाये."

पण हळूहळू वहिनींनाही पेटीचा लळा लागला. दुपारी लाखोरीची भाजी निवडायला त्या पेटीजवळ बसायच्या. काचेवर बोट टेकवलं की झिंगा मिशा हलवत तिथे यायचा. सरांकडे तो कधी आला नाही, आणि सरांना वहिनींचा थोडा हेवाही वाटायचा.

एकदा सर तापाने फणफणले आणि त्यांना चंद्रपूरच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. नेमका त्याच आठवड्यात ड्रम उन्हाने तडकला. पाणी बदलायचा दिवस चुकू नये म्हणून वहिनींनी माहेरहून लग्नात आलेला पाणी भरायचा तांब्याचा गुंड काढला, चिंच लावून लखलखीत घासला आणि त्यात मीठ कालवून रात्रभर ठेवलं. घरातलं सगळ्यात शुद्ध भांडं तेच. पाणी बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी झिंगा आडवा पडला.

सर घरी आले, गुंड पाहिला आणि म्हणाले, "तांब्यानं मेला." झिंग्याला तांबं विष असतं. बोलणं खरंच होतं, पण दारात चप्पल काढायच्या आधी बोलायची काय गरज होती? दुसऱ्या दिवसापासून वहिनी भाजी घेऊन स्वयंपाकघरात बसू लागल्या. मुलांना भरती-ओहोटी समजावणाऱ्या माणसाला एवढंही कळू नये, याचा मला भयंकर राग आला.

पुढच्या बाजाराला सर वहिनींना घेऊन आले. ड्रमवाल्यापुढे हात मागे बांधून उभे राहिले. "तू पाह्य. मी नाई सांगत." वहिनींनी एकेक ड्रम उलटापालटा केला. सरांना आवडलेला ड्रम त्यांनी बाजूला सारला. "झाकन ढिलं हाये. उंदीर पडन यात." सरांनी निमूटपणे त्या म्हणाल्या तो घेतला. परतताना मला हळूच म्हणाले, "झिंगा नागपुरात भेटते गा. बाई रुसली तर कुठी जाऊ?"

त्यानंतर पाणी बदलणं हे दोघांचं काम झालं. मीठ सर मोजायचे, पण ते नीट विरघळलं की नाही याचा निकाल वहिनी द्यायच्या. इतका सुखी संसार मी क्वचितच पाहिला.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. तेरवी झाल्यावर मी वहिनींकडे गेलो. चंद्रपुरात एक जण माशांसकट पेटी न्यायला तयार होता. वहिनींच्या डोक्याचा एक ताप जाईल, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. वहिनी एका हातात पाणी बदलायचा पाइप धरून ड्रममधलं कालचं मीठ-पाणी ढवळत होत्या. माझं सगळं ऐकून घेऊन वर न बघता म्हणाल्या, "मालक गेला, आता पानी नाई बदलत, असं माशायले कसं सांगू भाऊ?"

मी खाली बसलो आणि पाइपचं दुसरं टोक धरलं.