फळ्यावरचा गुलाल

कबनूरला आमची एकच खोली. वडील दुसऱ्याच्या यंत्रमागावर बारा तास उभे, आई दारात बसून सुताच्या कांड्या भरायची. मागांच्या खडखडाटानं वडिलांचे कान लवकर गेले, म्हणून घरात सगळे ओरडूनच बोलायचो. त्या ओरडण्यातच अभ्यास करून मी संख्याशास्त्राची पदवी घेतली. घरात पहिलीच. हे सांगताना अजून मान ताठ होते.

कोल्हापुरातल्या एका फौंड्रीत मला लावलं वडिलांच्या मित्रानं. ते तिथं फोरमन. मी त्यांना काका म्हणायची. मालकांनी सहा महिने दिले. काम दाखव, मग कायम.

तिथं वितळलेल्या लोखंडातून पंपाच्या बॉडी ओतत. पाण्याच्या दाबाला गळणारी बॉडी क्वचितच निघे. रोजचे दोष मोजले तर रोज शून्य, त्यातून काय कळणार? म्हणून मी एका गळतीपासून पुढच्या गळतीपर्यंतचे दिवस मोजून फळ्यावर बिंदू मांडू लागले. नेहमीच्या चढउताराच्या खाली एक आणि वर एक अशा दोन रेघा आखल्या. अंतर खालच्या रेघेखाली गेलं तर कुठंतरी बिघडतंय, वरच्या रेघेपलीकडं गेलं तर सुधारलंय. सगळ्यांना मी असंच शिकवलं.

पुढं गळतीच येईना. दिवस वाढत वाढत वरची रेघ ओलांडून गेले. काका जोतिबाला जाऊन आले आणि फळ्याला गुलाल लावला. "पोरीनं नाव काढलं की," म्हणाले. पेढे वाटले.

आठवड्यानं, परत वितळवायच्या ढिगात फोडलेल्या चार बॉडी दिसल्या. तुकड्यांवर गळतीची खडूची फुली.

"काका, ह्या कधीच्या?"

"असतील गेल्या म्हैन्यातल्या."

"मला का नाही सांगितलं?"

"तुझाच बिंदू खाली आला असता. सा म्हैनं व्हत आल्यात. तुझ्यासाठी केलं, आन् तूच मला इचारतीस व्हय?"

माझ्यासाठी. ज्यांनी मला तिथं आणलं, त्यांनीच माझं शिक्षण खोटं पाडलं होतं. आणि मी पेढा खाल्ला होता.

ओल्या फडक्यानं फळा पुसला, गुलालासकट. गळती तपासणाऱ्याला बसवून खऱ्या तारखा काढल्या. बिंदू थेट खालच्या रेघेखाली. तसाच फळा मालकांना दाखवला. शोधल्यावर कळलं, बॉडीच्या आतल्या पोकळीसाठी लागणारे वाळूचे कोअर ओव्हनमध्ये नीट वाळतच नव्हते. ओव्हन दुरुस्त झाला.

काकांनी बोलणं टाकलं. "उपकार इसरलीस," वडील ओरडले. गल्लीभर ऐकू गेलं.

मी कायम झाले. आज प्रत्येक गळती त्याच दिवशी फळ्यावर लागते, आणि ती मी स्वतः लावते.