त्या गुरुवारची लाईट

रिबेकाबाई गेल्याचा फोन त्यांच्या भाचीनं, मेरीनं केला तेव्हा मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कणीक मळत होते. "आत्या पहाटे गेली," एवढंच ती म्हणाली. माझ्या तोंडून निघालं, "मी येणारच होते हो भेटायला, पण सुट्टीच मिळाली नाही." सुट्टी मी मागितलीच नव्हती. वसतिगृह विश्रांतवाडीला, बाई धायरीला, दोन बस बदलल्या की झालं… तरी गेले नाही. का, ते अजून मला नीट सांगता येत नाही.

सातवीत शाळा सुटलेली मी, भंडाऱ्याकडून पुण्यात आले. नोकरदार मुलींच्या या वसतिगृहात बाईंनीच मला कामाला ठेवलं. चर्चच्या कमिटीचं वसतिगृह, बाई मेट्रन, सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. नव्यानं निघालेल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत जाणाऱ्या मुली, त्यांचे सकाळचे डबे, आणि मी. बँकेत सही कशी करायची, हेही बाईंनी शिकवलं. बोलणं मात्र तिखट. भात करपला आणि मी "गॅस मोठा होता" म्हटलं, की विचारायच्या, "स्वतःहून मोठा झाला का गं?"

एका मे महिन्यातल्या गुरुवारी मी कस्टर्ड केलं, आणि फ्रिजमध्ये ठेवायचं सोडून घरी फोन लावायला एसटीडी बूथवर गेले. आईचा आवाज ऐकला आणि सगळं विसरले. संध्याकाळी तेच वाढलं. अकरा मुली आजारी पडल्या. एकीला सलाईन लागलं, कंपनी तिला परदेशी पाठवणार होती, त्याची मुलाखत हुकली. कमिटीनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "लाईट गेली होती." पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते हे सगळ्यांना पाठ, कुणी पुढं विचारलंच नाही. बाईंनी तेच कागदावर लिहून खाली सही केली.

मी ख्रिस्ती नाही, पण रविवारी बाईंसोबत चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, सगळे भाकर घ्यायला पुढं जातात. मनात खोटं ठेवून ती घ्यायची नसते, असं बाईंनीच मला सांगितलं होतं. कस्टर्डच्या त्या प्रकारानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला बाई उठल्याच नाहीत. म्हणाल्या, "गुडघा धरलाय." पुढच्या महिन्यातही गुडघा. रोज दोन जिने चढणाऱ्या बाई!

एकदा तांदूळ निवडताना हळूच म्हणाल्या, "त्या गुरुवारी मी दुपारभर पडदे शिवत होते, सुनंदा. मोटरच्या मशीनवर."

"मधात गेली असन बाई. तुम्हाला समजलं नसन."

त्यांनी तांदळातला एक खडा काढून बाजूला ठेवला आणि हसल्याच. "छान जमलंय आपलं. तुझी लाईट, माझा गुडघा. अगं, देवाला कारण सांगितलं ना, की तो मधे बोलत नाही, शेवटपर्यंत ऐकून घेतो. तेच तर अवघड जातं."

मला वाटलं, आता त्या माझं नाव सांगणार. तसं झालं नाही. कमिटीपुढे जाऊन त्यांनी सांगितलं, "लाईट होती, मला माहीत होतं, तरी मी खोटं लिहिलं." मग दोष कुणाचा, असं विचारल्यावर म्हणाल्या, "माझं मी सांगितलं. दुसऱ्याचं सांगायला मी आले नाही." त्यांची मेट्रनकी गेली, त्या भाचीकडे धायरीला राहायला गेल्या. मला कुणी पुन्हा विचारलं नाही, माझी नोकरी राहिली. त्यांनी मला वाचवलं, की माझं मी सांगावं म्हणून दार उघडं ठेवलं? मी मात्र इतकी वर्षं लाईटच सांगत आले. इतकी, की आता मला त्या दुपारी थांबलेला पंखा खरंच दिसतो…

मागच्या आठवड्यात धायरीत मेरीच्या घरी बाईंची स्मरण-प्रार्थना झाली. कुणाला साक्ष द्यायची असेल, बाईंबद्दल चार शब्द सांगायचे असतील तर सांगा, असं पाद्री म्हणाले. मी उभी राहिले, "बाई फार मायाळू होत्या," म्हणून खाली बसले. सगळे गेल्यावर स्वयंपाकघरात मेरीला गाठलं. म्हटलं, "ताई, कस्टर्ड मीच बाहेर ठेवलं होतं. लाईट गेली नव्हती."

मेरी कप विसळत म्हणाली, "आत्याला माहीत होतं ते. मला कशाला सांगता?"

"नाही, म्हणजे… ऊन फार होतं त्या दिवशी. आणि बूथवर रांग एवढी मोठी, की—"

मेरीनं नळ बंद केला, हात पुसले आणि माझं पुरतं ऐकून घ्यायला थांबली.