ताटाच्या काठावरचं नाव

"नाव कुठं गेलं? भाऊ, ताटावरचं नाव काहून मिटवलं तुम्ही?"

पुष्पाताई मेश्राम ओरडत होत्या. चौबे कॉलनीतल्या त्यांच्या बैठकीच्या खोलीत मी लॅपटॉप उघडून बसलो होतो, आणि त्यांचा आवाज असा की बाहेर उभ्या स्कूट्या आपोआप स्टार्ट व्हाव्यात. स्क्रीनवर त्यांच्याच झुणक्याचा फोटो होता. मी सुधारलेला. डाग गेलेले, उजेड वाढवलेला, स्टीलच्या ताटाचा काठ आरशासारखा कोरा. मला वाटलं होतं, बाई खूश होऊन मला जेवायला वाढतील.

आधी माझा धंदा सांगतो. फूड ब्लॉग दिसतात कसे, ते मी तपासतो. चव माझ्या खात्यात येत नाही. पान उघडल्यावर नजर आधी कुठं पडते, मग कुठं सरकते, अक्षर मोबाइलवर वाचता येतं का, फोटोभोवती मोकळी जागा सोडली आहे का. त्या मोकळ्या जागेला आम्ही व्हाइट स्पेस म्हणतो आणि तिचेही पैसे घेतो. लोकांना हे काम सोपं वाटतं. भर दुपारी उपाशीपोटी ढीगभर भज्यांचे फोटो नुसते बघून दाखवा. नुसत्या डोळ्यांनी खाऊन पोट सुटलेला रायपुरातला मी पहिला माणूस.

नवा रायपुरातल्या एका मसाला कंपनीला घरगुती ब्लॉग हवा होता. त्याचे फोटो मसाल्याच्या पाकिटांवर छापायचे होते. कंपनीच्या मार्केटिंगचे साहूजी यांनी दोन ब्लॉग निवडून माझ्याकडे धाडले. एक कुण्या आर्किटेक्ट पोरीचा. राखाडी मातीच्या बशा, आणि मोकळी जागा एवढी की तिच्यापुढे नवा रायपूरचे रस्ते गर्दीचे वाटावेत. दुसरा पुष्पाताईंचा. जांभळी अक्षरं, पिवळी पट्टी, कोपऱ्यात फडफडणारी मेणबत्ती. 'माझ्याविषयी' या पानावर एवढंच लिहिलेलं, की आईची लोखंडी कढई रेल्वे कॉलनीत हरवली, तेव्हापासून तशी चव येत नाही, तरी करून पाहते. आणि प्रत्येक फोटोत तेच एक पोचे पडलेलं ताट. काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव, वनिता गजभिये.

मी रिपोर्टमध्ये लिहिलं की पुष्पाताईंचे पदार्थ जिवंत दिसतात, पण माणूस झुणका बघायचं सोडून नाव वाचत बसतो. साहूजी म्हणाले, नाव काढून दाखवा, मग बघू. म्हणून मी काढलं, आणि ताईंना दाखवायला आलो.

ओरडून दमल्यावर पुष्पाताई खुर्चीत बसल्या. "एवढ्यासाठीच तर ब्लॉग काढला मी," त्या म्हणाल्या. "नाहीतर झुणका काय फोटो काढायची चीज आहे?"

वनिता त्यांची रेल्वे कॉलनीतली लहानपणची शेजारीण. भीमजयंतीला वनिताच्या घरून पुरणपोळ्या आल्या, त्या या ताटात. आता ताट रिकामं परत करायचं नाही, ही कॉलनीची रीत. पुष्पाताईंची आई म्हणाली, पोळ्याच्या सणाला तिखट ठेठरी, गोड खुर्मी तळू, तेव्हा भरून देऊ. पोळ्याच्या आधीच वनिताच्या वडिलांची बदली झाली. पोरींना पत्ता कोण सांगतो? घर गेलं, ताट राहिलं.

"तिचं लग्न झालं असन, आडनाव बदललं असन. मी तिले शोधू कशी?" पुष्पाताई स्क्रीनकडे बोट दाखवत म्हणाल्या. "आपलं ताट तर ओळखीन ना ती."

मी वाद न घालता लॅपटॉप मिटला. माझ्या ओळखीची माणसं सांगतील, ही घटना रायपुरात सूर्यग्रहणापेक्षा दुर्मिळ. पण मीही त्याच रेल्वे कॉलनीतला पोट्टा. भांड्याच्या दुकानाबाहेर नाव कोरणारा मशीन घेऊन बसायचा, त्याची टर्रर्र अजून माझ्या दाढेत आहे. प्रत्येक ताटावर मालकाचं नाव, आणि एकही ताट मालकाच्या घरी नाही. रामटेके काका आमच्याकडे कधी जेवायला आले नाहीत, पण त्यांच्या ताटात मी दहावीपर्यंत जेवलो. बाराखडी मला मास्तरांनी कमी आणि वरणभातानं जास्त शिकवली. आता आमच्या बिल्डिंगमध्ये शेजारून काही आलंच तर प्लास्टिकच्या डब्यात येतं, आणि देणारीच म्हणते, डबा फेकून द्या.

मी घरी येऊन कामाला लागलो. जांभळी अक्षरं काळी केली. मेणबत्ती विझवली. आणि सगळे फोटो असे फिरवले की नावाचा काठ वर डावीकडे आला. डावीकडून वाचणाऱ्या माणसाची नजर आधी तिथंच पडते.

साहूजींनी चष्मा वर केला. "नाम हटाने को बोला था. ये तो और बड़ा हो गया."

मी म्हटलं, विदेशातली मोठमोठी हॉटेलं प्लेटवर नाव कोरून घेतात, सध्या तीच फॅशन आहे. यातला विदेश पूर्णपणे माझ्या घरी तयार झालेला होता.

साहूजींनी तो ऐकलाच नाही. ते फोटोकडे बघत होते. "हमारे यहाँ एक गिलास है," ते हळूच म्हणाले, "दुबे जी का." मग आणखी थोडा वेळ बघून म्हणाले, "हव. यही छापो."

पाकिटं ब्लॉगच्या पत्त्यासकट छापून दुकानांत गेली. तेव्हापासून मी फोटोतलं काहीही पुसण्याआधी ते कोणाचं आहे, एवढं विचारून घेतो. आमच्या धंद्याच्या पुस्तकात हा नियम नाही.

पुढं एका दुपारी पुष्पाताईंनी मला तातडीनं बोलावलं. ब्लॉगवर गोंदियाहून वनिताचा नंबर आला होता. किराणा दुकानात तिनं तिखटाच्या पाकिटावर आपलं नाव वाचलं होतं. ताईंना एकटीनं फोन लावायची हिंमत होत नव्हती. मी रुमाल घेऊन तयारीतच बसलो.

फोन स्पीकरवर होता. पुष्पाताई रडत, शिंकरत बोलत सुटल्या. ठेठरी-खुर्मी राहून गेली, आई शेवटपर्यंत हळहळली, ताट जपून ठेवलंय, आता भरूनच घेऊन येते. एवढ्या वेळात रायपूरहून गोंदियाला गाडी पोचली असती.

मग वनिताबाई म्हणाल्या, "ताट राहू दे तुझ्यापाशीच, पुष्पे. तुमची कढई आमच्याकडं हाय."