दोन साहेबांची माणसं

लेबर सप्लायच्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत. बाल्कनीत वाळू साठते तसे ते आपोआप साठतात. सकाळी झाडा, संध्याकाळी पुन्हा आहेच!

आमचं ऑफिस आखातात, रास अल खोरला, गोदामांच्या रांगेत होतं. आम्ही फिटर, वेल्डर, सुतार पुरवायचो. व्हिसा आमचा, पगार आमचा, काम मात्र दुसऱ्याच्या साइटवर. म्हणजे प्रत्येक माणसाला दोन साहेब. आपल्याकडे म्हणतात ना, दोन घरचा पाहुणा उपाशी! आमच्याकडचा एकही पाहुणा उपाशी राहिला नाही, याचं कारण आमच्या पेरोलच्या नलूताई. मी शेजारच्या टेबलावर अकाउंट्स बघायचो, त्यामुळे हा सगळा खेळ मला फुकटात बघायला मिळाला.

* * *

फुजैराच्या ऑइल टर्मिनलवर आमचा इब्राहिम वेल्डर होता. मूळचा दापोलीकडचा. तिथे तो इतकी वर्षं होता, की हेल्मेट त्यांचं, डांगरी त्यांची, बससुद्धा त्यांचीच. एका वर्षी त्यांच्या फंक्शनमध्ये 'बेस्ट एम्प्लॉयी' म्हणून याचंच नाव पुकारलं. हा स्टेजवर गेला, ट्रॉफी घेतली, टाळ्या झाल्या, फोटो झाला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या एचआरच्या लक्षात आलं, की हा आपला एम्प्लॉयीच नाही!

त्यांच्या मॅनेजरचा अगदी चाचरत फोन आला. मॅडम, जरा गडबड झाली, ट्रॉफी परत मिळेल का?

नलूताई म्हणाल्या, "ट्रॉफी तुमची होती, माणूस आमचा आहे. आता दोन्ही आमच्याकडेच राहू द्या!"

ती ट्रॉफी पुढे आमची माणसं राहायची त्या कॅम्पच्या मेसमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलेली असायची.

* * *

रास अल खैमाच्या एका सिमेंट फॅक्टरीत सेफ्टी बुटांवरून भांडण लागलं. फॅक्टरी म्हणे, बूट सप्लायरने द्यायचे. आमचे जनरल मॅनेजर म्हणे, ज्याची साइट त्याने द्यायचे. मध्ये आमची माणसं चपला घालून उभी, आणि खाली तापलेली जमीन.

नलूताईंनी फोरमनला सांगितलं, "सगळ्यांना घेऊन त्यांच्या रिसेप्शनमध्ये जा. एसीत बसा. कुणाशी वाद घालायचा नाही. चहा विचारला तर घ्यायचा."

मग त्यांनी फॅक्टरीला फोन केला, "आमची माणसं वेळेवर हजर आहेत. बूट आले की उठतील."

जेवणाच्या आधी बूट आले. त्यातही दोघांनी साइझ बदलून मागितला, तोही मिळाला. या बाईंचा मला फार अभिमान वाटायचा, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही!

* * *

नलूताईंचा एक नेम होता. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी कुठल्या तरी साइटच्या कॅम्पवर चक्कर मारायची. गाडी चालवायला नवरा. पेंडसे बिचारे सज्जन माणूस. एकदा मीही बरोबर होतो आणि फुजैराच्या घाटात गाडी गरम होऊन बंद पडली, तेव्हा बॉनेट उघडून ते मला म्हणाले, "लग्नाच्या वेळी सांगितलं होतं, मुलगी नोकरी करते. एवढ्या माणसांचा संसार करते, हे कुणीच बोललं नव्हतं!"

त्यांच्या मुलीला शाळेत कुणीतरी विचारलं, आई काय करते? ती म्हणाली, "शी इज एव्हरीबडीज बॉस, बट नोबडी वर्क्स इन हर ऑफिस!" आमच्या धंद्याची याहून सोपी व्याख्या मी ऐकलेली नाही.

* * *

मग आली अंब्रेला कंपनी. आमच्याकडे एक इंग्लिश इंजिनियर काँट्रॅक्टवर होता, ही भानगड मला त्याच्याकडून कळली. तिकडे म्हणे माणूस काम एकाकडे करतो, एजन्सी दुसरी, आणि पगार देणारी ही तिसरीच कंपनी, नुसती कागदावरची मालक.

नलूताईंनी विचारलं, "आणि तू आजारी पडलास तर?"

"मी घरी पडून राहतो."

"आणि कंपनी?"

"ती तिच्या घरी!"

तो हसला. आमच्या जनरल मॅनेजरना मात्र कल्पना फार आवडली. सगळी माणसं तशाच एका कंपनीच्या नावावर टाकायची, की आपली कटकट खलास! रजा नको, तिकीट नको, नोकरी सुटताना ग्रॅच्युइटी नको. नलूताईंना त्या दिवशी डबा गेला नाही. मला म्हणाल्या, "अरे, आत्ता यांना दोन साहेब आहेत. उद्या तीन होतील, आणि एकही नसेल."

* * *

त्या कंपनीचा टायवाला सेल्समन एका शुक्रवारी आमच्या मेसमध्ये आला. माणसांनी राजी व्हायला हवं, अशी आमच्या मालकाची अट होती. मालकाला आम्ही अरबाब म्हणायचो. म्हातारा माणूस, तरुणपणी मुंबईशी व्यापार केलेला, हिंदी फर्डी. तो मागच्या बाकावर माणसांतच बसला होता.

सेल्समन म्हणाला, "हर महीना सौ दिरहम ज़्यादा!" बाकांवर लगेच कुजबूज झाली, शंभर म्हणजे जवळजवळ तेराशे रुपये! हात वर व्हायला लागले. मी नलूताईंकडे बघितलं. त्या सेल्समनने वाटलेलं पत्रक वाचत होत्या.

इब्राहिम उठला. "साब, छुट्टी किससे माँगने का?"

"किसीसे नहीं! आप आज़ाद हैं!"

टाळ्या पडल्या.

"और इधर मर गया, तो घर कौन भेजेगा?"

सेल्समनने टाय सारखा केला. "उसके लिए हमारी हेल्पलाइन है. चौबीस घंटे."

"लगाके देखते हैं," नलूताई पहिल्यांदाच बोलल्या. मेसच्या फोनवर त्यांनी पत्रकावरचा नंबर फिरवला आणि स्पीकर चालू केला. घंटी वाजली, मग मशीनवरची बाई इंग्रजीत बोलायला लागली. आज ऑफिस बंद आहे, बीपनंतर आपला निरोप सांगा.

बीप वाजला. नलूताईंनी फोन इब्राहिमपुढे सरकवला.

इब्राहिमने घसा खाकरला, टोपी नीट केली आणि अदबीने म्हणाला, "हॅलो, मैं इब्राहिम बोलता हूँ. मैं मर गया हूँ. अभी आगे क्या करने का?"

अख्खी मेस हसून लोळली. अरबाब मात्र हसला नाही. तो उठून पुढे आला, बटण दाबून त्याने फोन बंद केला आणि सेल्समनच्या खांद्यावर हात ठेवला.

"खलास, हबीबी. खाना खाके जाओ."