पारदर्शक पट्टीखालचा अंगठा

नवरा गेल्यावर काकू कारखाना विकून मोकळ्या होतील, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. काकूंनी उलट साच्यांवरची धूळ झटकली आणि कामाला लागल्या. धनुष्यं घडवायचा नवरा, पण वरच्या लाकडी पापुद्र्याचं काम पहिल्यापासून त्यांच्याच हातचं. हा पापुद्रा धनुष्याच्या गाभ्यावर चिकटवायचा आणि त्यावर काचेसारखी आरपार दिसणारी फायबरग्लासची पट्टी बसवायची. त्या पट्टीखाली काही म्हणजे काही लपत नाही. पॉलिश पेपरचा ओरखडा, एखादा केस, बोटाचा तेलकट डाग, एकदा चिकटवायचं रेझिन सुकलं की जन्माचा. म्हणून काकू पापुद्रा थिनरने पुसायच्या आणि हातमोज्यांशिवाय त्याला शिवायच्या नाहीत.

तरीही त्या सकाळी रेझिन सुकवायच्या गरम पेटीतून काढलेल्या धनुष्यात, पट्टीच्या आत, अंगठा उमटलेला होता. रेषा स्पष्ट, आणि त्यांवरून गेलेला एक तिरका व्रण.

काकूंनी शेजारी राहणाऱ्या नणंदेला हाक मारली. "वन्सं, जरा हे बघा हो."

नणंदेने धनुष्य उजेडात धरलं आणि तिचा चेहरा उतरला. "वहिनी, हा दादाचा अंगठा. करवतीने कापला होता तो."

"अहो, पण हे लाकूड ते गेल्यावर आणलंय!"

झोपलेलं मूल ठेवावं तसं नणंदेने धनुष्य हळूच खाली ठेवलं.

काकूंनी मन घट्ट करून ते वाकवलं. अंगठ्याच्या जागीच कडकन मोडलं. आत गाभ्याला बारीक चीर होती. नवऱ्याची सवयच होती ती. लाकूड चाचपताना शंका आली की तिथे अंगठा दाबून धरायचा आणि म्हणायचा, "इथं बघ."

पुढे असं आणखी दोनदा झालं. पेटीचं झाकण उघडायला काकू चालढकल करू लागल्या. शेवटी वैतागून त्यांनी काळ्या पट्ट्या आणल्या. दिसायला नको आणि जीव टांगणीला लागायला नको. काळं धनुष्य सुरेख झालं. वाकवून पाहिलं, तर हूं की चूं नाही. तिरंदाजी शिकवणारे सर ते घेऊनही गेले.

पण रात्री काकूंच्या मनातून ते धनुष्य जाईना. दिसत नाही म्हणजे नाहीच, असं कुठं असतं? दुसऱ्या सकाळी त्या थेट मैदानावर जाऊन थडकल्या.

"सर, ते धनुष्य परत द्या. दुसरं करून देते."

"अहो काकू, झकास चाललंय की! बिघडलंय काय त्याचं?"

"तेच बघायचंय."

कारखान्यात त्यांनी धनुष्य घासायच्या मशीनवर धरलं. काळी भुकटी उडत राहिली, पट्टी झिजत गेली आणि मुठीच्या वर, नेम धरताना तोंडासमोर येतो त्या भागात, लाकूड उघडं पडलं. तिथे अंगठा होता. एक नव्हे, कितीतरी. एकावर एक, दाबून दाबून उमटलेले. ओरडून घसा बसावा आणि तरी कुणी लक्ष देऊ नये, तसे. करवत लावली, तर गाभा आतून पोखरलेला.

काळ्या पट्ट्या काकूंनी त्याच दिवशी दुकानात परत केल्या.

"वहिनी, तुम्हाला भीती नाही वाटत?" नणंदेने विचारलं.

"वाटते की," काकू नवा पापुद्रा पुसत म्हणाल्या. "पण परत त्यांना इतकं दाबायला लावायचं नाही."